सांताक्रूझच्या धावपट्टीवरचा गॅलिलिओ

पावसाळ्यात मुंबईची वर्तमानपत्रे पावसाचे दोन आकडे छापतात, एक कुलाब्याचा आणि एक सांताक्रूझचा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडकडची माणसे आधी दुसरा आकडा बघतात, कारण तो त्यांचा असतो. फोर्टात कामाला गेलेल्याला दुपारी घरून फोन येतो की गल्लीत गुडघाभर पाणी साचलंय, आणि हा खिडकीतून बघतो तर रस्ता धड ओलासुद्धा नाही. २६ जुलै २००५ ला या दोन आकड्यांतली तफावत जगभर गाजली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३.

सांताक्रूझची वेधशाळा विमानतळापाशीच आहे. १९७९ च्या जूनमध्ये याच विमानतळावरून एक चार इंजिनांचे पांढरे जेट विमान पुन्हा पुन्हा अरबी समुद्रावर जात होते. त्यात प्रवासी नव्हते आणि त्याला कुठे पोचायचेही नव्हते. इतर वैमानिक ज्या ढगांना वळसा घालतात त्यांच्या आसपास घिरट्या घालायच्या, वरून समुद्रात उपकरणे सोडायची आणि संध्याकाळी परत यायचे, एवढेच त्याचे काम. विमानाचे नाव ‘गॅलिलिओ २’ आणि मालक अमेरिकेची अवकाश संस्था नासा.

अवकाश संस्थेला विमाने कशाला लागतात, असे पुष्कळांना वाटते. नासा ज्या जुन्या संस्थेतून १९५८ साली निघाली ती १९१५ पासून विमानांवरच संशोधन करत होती. रॉकेटे नंतर आली, विमाने आधीपासून होतीच. त्यातली काही इतकी विचित्र, की फोटो बघून कुणी थट्टा केलीय असे वाटावे. १९६३ मध्ये प्लायवुडच्या टरफलाचे, पंखच नसलेले एम-२ एफ-१ हे यान कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यावर एका पाँटियॅक मोटारीच्या मागे दोर बांधून ओढले गेले आणि उडाले. एडी-१ या विमानाचा पंख एकसंध होता. उडता उडता तो मधल्या खिळीवर ६० अंशांपर्यंत फिरायचा, एक टोक पुढे आणि दुसरे मागे. चंद्रावर उतरण्याचा सराव करायला जो धातूचा सांगाडा बनवला होता त्यातून मे १९६८ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांना पॅराशूटने बाहेर उडी घ्यावी लागली. आपल्या इस्रोनेही या घराण्यात भर घातली आहे. ‘पुष्पक’ हे छोटे पंखवाले यान कर्नाटकात चित्रदुर्गजवळ हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरला टांगून साडेचार किलोमीटर उंचीवर नेतात आणि सोडून देतात. मग ते स्वतःच धावपट्टी शोधून उतरते. २०२३ आणि २०२४ मध्ये मिळून असे तीन वेळा झाले. उतरतानाचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर, म्हणजे प्रवासी विमानापेक्षा बराच जास्त.

या मंडळींच्या शेजारी ‘गॅलिलिओ २’ उभे केले तर ते साधेच दिसले असते. ते होते कॉन्व्हेअर ९९० कोरोनाडो, म्हणजे साठच्या दशकातले एक फसलेले प्रवासी विमान. जगातले सर्वांत वेगवान प्रवासी जेट बनवायचे, या ईर्षेने कॉन्व्हेअर कंपनीने ते केले. ध्वनीच्या वेगाजवळ जाताना पंखावर जे धक्का-तरंग तयार होतात आणि विमानाला मागे ओढतात, ते कमी करायला पंखांच्या मागच्या कडेवर चार लांबुळके फुगवटे बसवले होते. वैमानिकी जगात त्यांना गमतीने गाजरे म्हणत. वेग मिळाला, पण कबूल केला होता तितका नाही, आणि इंधन भरपूर खाल्ले. जेमतेम ३७ विमाने बनली आणि कंपनीने हात टेकले. कंपनीचा तोटा नासाच्या पथ्यावर पडला. वेगवान, ऐसपैस आणि बारा किलोमीटर उंच जाणारे विमान तिला सहज मिळाले. नासाने त्याच्या छताजवळ तिरप्या खिडक्या बसवल्या, पोटाला भोके पाडली, खुर्च्या काढून उपकरणांचे रॅक लावले. अशा पहिल्या विमानाने ३० मे १९६५ च्या सूर्यग्रहणात पॅसिफिकवर चंद्राच्या सावलीचा पाठलाग केला.

त्या पहिल्या ‘गॅलिलिओ’चा शेवट वाईट झाला. १२ एप्रिल १९७३ रोजी कॅलिफोर्नियात मॉफेट फील्डला उतरताना अमेरिकी नौदलाचे एक पी-३ ओरायन विमान त्याला धडकले. दोन्ही विमानांत मिळून सतरा माणसे होती, एकच वाचला. नासाने लगेच दुसरे कॉन्व्हेअर घेतले आणि त्याला तेच नाव देऊन पुढे दोनचा आकडा लावला. मुंबईला आले ते हे. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, मुंबईत त्याच्या सोबतीला पी-३ ओरायनच होते, अमेरिकेच्या महासागर व वातावरण संस्थेचे, म्हणजे नोआचे. तिसरे विमान होते अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राचे लॉकहीड इलेक्ट्रा. ओरायन हे मूळचे इलेक्ट्राचेच नौदलासाठी केलेले रूप, म्हणजे ही दोन्ही भावंडे.

ही सगळी जत्रा ज्या मोहिमेसाठी भरली तिचे नाव मोनेक्स, मान्सूनवरचा आंतरराष्ट्रीय प्रयोग. डिसेंबर १९७८ पासून वर्षभर जगातल्या हवामान खात्यांनी मिळून संपूर्ण पृथ्वीचे वातावरण एकाच वेळी मोजायचा घाट घातला होता, आणि मोनेक्स हा त्यातला आपल्या वाट्याचा भाग. अमेरिकेने आपला गोज-१ उपग्रह या वर्षापुरता हिंदी महासागरावर सरकवला. सोव्हिएत संशोधन-जहाजे अरबी समुद्रात येऊन थांबली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘गवेषणी’ होते, भारतीय नौदलाची जहाजे होती. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत जहाजे आणि अमेरिकी विमाने एकाच ढगाखाली माहिती गोळा करत होती, याचे आज नवल वाटते. तेव्हाच्या शास्त्रज्ञांना बहुधा पाऊस वेळेवर येतो की नाही याचीच जास्त काळजी असावी.

आणि तो वेळेवर आलाच नाही. १९७९ हे दुष्काळाचे वर्ष ठरले. केरळात १ जूनला अपेक्षित असलेला मान्सून दुसरा आठवडा उजाडल्यावर पोचला. पण या उशिराने शास्त्रज्ञांची सोयच केली. मोहिमेची उड्डाणे मे महिन्यात आधी सौदी अरेबियाच्या वाळवंटावर झाली होती. भारतात उन्हाळ्यात जो कमी दाब तयार होतो त्याचे भावंड तिथे असते, आणि त्याच्यावरची हवा धुळीने कशी भरते, ती धूळ ऊन शोषून हवेला कशी तापवते, हे ‘गॅलिलिओ २’च्या प्रारणमापकांनी टिपले. मग तळ मुंबईत हलला आणि विमाने मान्सूनची वाट पाहत सज्ज राहिली. जुलैत मोहीम कलकत्त्याला गेली.

वातावरण मोजायचे म्हणजे नेमके काय करायचे? जमिनीवर हे सोपे आहे. हायड्रोजन भरलेल्या फुग्याला छोटे यंत्र बांधून सोडले की ते वर जाताना तापमान, दाब, आर्द्रता रेडिओवरून कळवत राहते. सांताक्रूझहून असे फुगे नेमाने सुटतात. पण समुद्रावर फुगा सोडायला कोण बसले आहे? अरबी समुद्र लाखो चौरस किलोमीटर पसरलेला आणि त्यावर हवामानकेंद्रे जवळपास नाहीतच. जहाज असले तर एका ठिकाणी, आणि तेही संथ. म्हणून उलटा फुगा वापरायचा. विमानातून एका नळीवाटे छोटे यंत्र पॅराशूटसह खाली सोडायचे, त्याला ड्रॉपसाँड म्हणतात. ते दहा किलोमीटर खाली समुद्रात पडेपर्यंत प्रत्येक थराचा दाब, तापमान, दमटपणा विमानाला सांगत जाते. वारा कळायला ते कुठे सरकले हे कळले पाहिजे. जीपीएस तेव्हा नव्हते. जगभरातल्या केंद्रांवरून ओमेगा नावाची अतिदीर्घ लांबीची रेडिओ लहर जहाजांसाठी प्रक्षेपित व्हायची. ड्रॉपसाँड ती ऐकून विमानाकडे पाठवायचे आणि त्यावरून विमानात त्याची जागा ठरवली जायची. तास-दोन तासांत हजार किलोमीटरच्या रेषेवर अशी दहा-वीस यंत्रे टाकली की समुद्रावरच्या हवेचा उभा छेद हातात येतो. हे काम ‘गॅलिलिओ २’ला छान जमायचे, कारण ते उंच आणि भरधाव उडायचे.

इलेक्ट्राचे काम वेगळे, आणि माझ्या मते जास्त अवघड. तिच्या नाकातून पुढे एक लांब दांडा निघालेला होता. विमान स्वतः हवेला ढवळते, त्यामुळे वाऱ्याचे खरे माप घ्यायचे तर उपकरण विमानाच्या पुढे, न ढवळलेल्या हवेत असायला हवे. इलेक्ट्रा समुद्रापासून अगदी थोड्या उंचीवर, लाटांचा फेस दिसेल इतके खाली येऊन सरळ रेषेत उडायची, मग तीच रेषा थोड्या वरून, मग आणखी वरून. दांड्याच्या टोकाकडचे माप सेकंदाला अनेकदा नोंदवायचे: वर जाणारी झुळूक किती, खाली येणारी किती, आणि वर जाणारी जास्त दमट आहे का. वर जाणारी हवा बाष्प घेऊन जात असेल आणि खाली येणारी कोरडी असेल तर समुद्र हवेला पाणी देतो आहे, आणि किती देतो आहे हे गणिताने काढता येते. समुद्राला चिकटलेल्या त्या किलोमीटर-दीड किलोमीटरच्या थरातच मान्सूनची सगळी देवघेव होते. पी-३ ला ढगांच्या आत जायचे होते. त्याच्या पोटाखाली रडार होते, शेपटीला दुसरे रडार होते, आणि ढगातल्या थेंबांचे, हिमकणांचे आकार टिपणारी यंत्रे होती. हरिकेनच्या डोळ्यात शिरायची त्या विमानांची नित्याची सवय, त्यापुढे आपला कमी दाबाचा पट्टा म्हणजे सौम्यच.

मान्सून आला तसा एक चक्राकार भोवरा घेऊन आला. जूनच्या मध्याला अरबी समुद्रात तो तयार झाला, वाढला आणि आठवडाभरात ओमानच्या दिशेने निघून गेला. मान्सूनच्या आगमनाबरोबर येणारा असा भोवरा अधूनमधून दिसायचा, पण त्याच्या जन्माच्या आधीपासून त्याच्या पोटात जाऊन मोजमाप घेतल्याचे हे पहिलेच उदाहरण. हवामानशास्त्रज्ञ टी. एन. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्यावर लिहिलेला निबंध आजही उद्धृत होतो. त्यांनी दाखवले की समुद्रावरचा पश्चिमेकडून येणारा वारा आधी जोर धरतो, अरुंद आणि वेगवान होतो, आणि त्याच्या उत्तर बाजूला, जिथे वेग झपाट्याने कमी होतो, तिथे तो गिरकी घेऊन भोवरा निर्माण करतो. वारा आधी, भोवरा नंतर. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण अंदाज वर्तवणाऱ्याला नेमके हेच हवे असते. कशाकडे आधी लक्ष ठेवायचे ते कळते.

हा वारा काय आहे? १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ जॉन फाइंडलेटर यांनी केनियाजवळच्या नोंदी गोळा करून दाखवले की दक्षिण गोलार्धातून एक जोरकस झोत विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्याने वळतो आणि अरबी समुद्र पार करून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन आदळतो. त्याचा गाभा जमिनीपासून फार वर नाही, साधारण दीड किलोमीटरवर. अंधेरीच्या एखाद्या गच्चीवर जुलैत दोरीवरचे कपडे उडवणाऱ्या वाऱ्याचे मूळ कोकणात नसून विषुववृत्तापलीकडे आहे.

मग मुंबईत पडणारे पाणी नेमके कुठले, या वादाला आपण येतो. पी. आर. पिशारोटी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. त्यांनी १९६५ मध्ये हिशेब मांडला की पश्चिम किनाऱ्यावर पडणारे बहुतेक पाणी अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून येते. त्याआधी, १९६३-६४ मध्येही आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी अमेरिकी संशोधन विमाने मुंबईला आली होती, कुलाब्यात आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडले होते आणि तिथे एक आयबीएम १६२० संगणक आणला होता, जो देशातल्या सुरुवातीच्या संगणकांपैकी एक होता. त्या मोहिमेतल्या नोंदींवर मुंबईच्या उत्तरेला १९६३ च्या जुलैमध्ये मुसळधार पाऊस पाडणाऱ्या मध्यस्तरीय भोवऱ्याचा मिलर आणि केशवमूर्ती यांचा अभ्यास उभा राहिला. पण पाण्याचा हिशेब काही मिटला नाही. पुढे कॅडेट आणि रेव्हर्डिन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये काढलेले उत्तर पिशारोटींच्या अगदी विरुद्ध होते. पश्चिम किनारा ओलांडणाऱ्या बाष्पातला सुमारे ७० टक्के भाग दक्षिण गोलार्धातून येतो आणि सुमारे ३० टक्के अरबी समुद्रातून, असे त्यांचे गणित. पिशारोटींकडे त्या वेळी समुद्रावरची मापे फारच थोडी होती, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवे. समुद्रावर जाऊन वारा मोजल्याशिवाय असे वाद तर्कानेच लढवावे लागतात.

आता उपनगरांच्या आकड्याकडे. मोनेक्सच्या विमानांनी केलेल्या निरीक्षणांतून रॉबर्ट ग्रॉसमन आणि डेल डुरन यांनी १९८४ मध्ये एक निबंध लिहिला, आणि मला या सबंध मोहिमेतला तो सर्वांत चटकदार वाटतो. सह्याद्री पाऊस पाडतो, हे शाळेपासून पाठ आहे: वारा घाटाला आदळतो, वर चढतो, थंड होतो, पाऊस पडतो, मग महाबळेश्वर भिजते आणि पलीकडे माणदेश कोरडा राहतो. हे खरेच आहे. पण विमानांना असे दिसले की गडगडाटी ढग घाटाच्याही अलीकडे, किनाऱ्याच्याही अलीकडे, भर समुद्रात उभे राहिले आहेत. वारा घाटाला भिडायला अजून शंभर किलोमीटर शिल्लक असताना ढग कसा तयार होतो? ग्रॉसमन आणि डुरन यांचे म्हणणे असे की पुढे डोंगराची भिंत आहे हे वाऱ्याला समुद्रावरच जाणवते. लोकल स्टेशनात थांबली की मागच्या पुलावरचा लोंढा जसा जिन्यावरच मंदावतो, तसा घाटाअलीकडचा वारा मंदावतो आणि मागून येणारी हवा त्याच्यावर थोडी थोडी चढते. मान्सूनची हवा इतकी दमट असते की तिला मोठ्या चढणीची गरज नसते. हलके उचलले तरी ढग उकळू लागतो.

काही अभ्यासकांना हे पटले नाही. सह्याद्री तसा बुटका, सरासरी हजारेक मीटरचा. इतक्या लांबपर्यंत त्याचा हात पोचतो का, ही शंका रास्त होती. १९८८ मध्ये ओगुरा आणि योशिझाकी यांनी संगणकावर घाट, समुद्र आणि मान्सून उभा केला. पाऊस समुद्रावर पडेना, सगळा घाटावरच. मग त्यांनी दोन गोष्टी घातल्या. एक, समुद्राने हवेला दिलेली उष्णता आणि बाष्प, जे इलेक्ट्रा आपल्या दांड्याने मोजत होती. दुसरी, खाली पश्चिमेचा वारा आणि वर चौदाएक किलोमीटरवर पूर्वेचा वारा, अशी मान्सूनची खास उलटसुलट मांडणी. दोन्ही घातल्यावर पाऊस समुद्रावर सरकला. घाट एकटा पुरत नाही, समुद्राचे देणे आणि वरचा उलटा वाराही लागतो.

यातून २००५ च्या त्या दोन आकड्यांचा खुलासा मिळाला असे मात्र कुणी समजू नये. मोनेक्सची विमाने शंभर-दोनशे किलोमीटरच्या मापाने विचार करत होती. कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यातला फरक याहून फार लहान अंतरातला आहे. किनाऱ्यालगतच्या छोट्या भोवऱ्यांचा विषय पी. ए. जॉर्ज यांनी १९५६ मध्येच काढला होता. समुद्रावर असा भोवरा नेमक्या कुठल्या गावासमोर येतो यावर कुणाच्या नशिबी मुसळधार आणि कुणाच्या नशिबी रिपरिप हे ठरते, आणि तो मोजायला बारीक जाळे लागते. उपनगरांच्या मध्यावर, पश्चिमेला बोरिवली आणि पूर्वेला मुलुंड ठेवून, राष्ट्रीय उद्यानाचे चारशे-साडेचारशे मीटर उंचीचे डोंगर उभे आहेत. त्यांचाही काही वाटा असणार. कुलाब्यासमोर असा डोंगर नाही.

‘गॅलिलिओ २’ पुढे सहा वर्षे चालले. १७ जुलै १९८५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मार्च हवाई तळावर उड्डाणाच्या धावेत त्याचे टायर फुटले, उडालेल्या तुकड्यांनी इंधनाची टाकी फोडली आणि विमान पेटले. आतली सगळी, एकोणीसच्या एकोणीस माणसे बाहेर पडली. विमान जळून गेले. त्याची जागा डीसी-८ ने घेतली. त्या डीसी-८ ने आणि गुप्तहेर विमान यू-२ च्या नागरी भावंडाने, ईआर-२ ने, १९८७ मध्ये चिलीच्या टोकावरून अंटार्क्टिकावर जाऊन ओझोनच्या भोकामागे क्लोरीन आहे याचा धडधडीत पुरावा आणला. डीसी-८ २०२४ मध्ये निवृत्त झाले, आणि नासाने मग एक जुने बोइंग ७७७ भोके पाडायला घेतले.

आणि आपल्याकडे? इस्रोकडे बीचक्राफ्ट बी-२०० विमान आहे. २०१५-१६ मध्ये नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचा शेकडो रंगछटा वेगळ्या ओळखणारा कॅमेरा त्याच्या पोटात बसवून ५७ ठिकाणांवर उड्डाणे झाली. पिके, खाणी, खारफुटी, हिमनद्या सगळे त्यात आले. पण ते विमान वरून जमिनीकडे बघणारे आहे, ढगात शिरणारे नाही. ढगांचे काम पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २००९ पासून कॅपेक्स या प्रकल्पात केले, भाड्याने घेतलेल्या विमानांतून. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरला तळ ठोकून, २७६ ढग निवडून, त्यातल्या काहींवर क्षारांचे कण फवारले आणि काहींना मुद्दाम हात लावला नाही. फवारलेल्या ढगांखाली, वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटरमध्ये, सरासरी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस पडला. सोलापूर हे सह्याद्रीच्या पलीकडचे, पर्जन्यछायेतले गाव, तेव्हा प्रयोगाची जागा अगदी योग्य. समुद्राच्या बाजूचा प्रश्न मात्र तसाच राहिला. २०१७ मध्ये मान्सूनच्या माथ्यावरची हवा तपासायला युरोपीय शास्त्रज्ञांनी रशियन जिओफिजिका विमान आणले. त्याचा तळ काठमांडूला होता.

अंधेरी पूर्वेला वेरावलीच्या टेकडीवर जानेवारी २०२२ पासून हवामान खात्याचे डॉप्लर रडार फिरते आहे. कुलाब्याचे आधीपासून होतेच. ढगातल्या थेंबांवरून परत येणारी लहर ते पकडते आणि समुद्रावरून कुठला ढग उपनगरांकडे येतोय हे दोन-तीन तास आधी सांगते. हा मोठा फायदा आहे, विशेषतः लोकल बंद पडण्यापूर्वी कार्यालयातून निघायचे की नाही हे ठरवणाऱ्याला. पण रडारला थेंब दिसतात, बाष्प दिसत नाही. थेंब होण्याआधीची हवा त्याच्यासाठी रिकामी असते. शिवाय पृथ्वी गोल आहे आणि रडारची सर्वांत खालची किरणशलाकाही क्षितिजाच्या किंचित वर धरावी लागते, त्यामुळे शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत ती समुद्रापासून जवळजवळ दीड किलोमीटर वर गेलेली असते आणि दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटर. उपग्रहातले अवरक्त मापक ढगाच्या माथ्यावरच अडतात. फाइंडलेटरच्या झोताचा गाभा, इलेक्ट्रा ज्या थरात उडत होती तो थर, ग्रॉसमन आणि डुरन यांचा हळूच चढणारा वारा, हे सगळे त्या दीड किलोमीटरच्या आत आहे. तिथे पोचायचे तर लाटांपासून थोड्या उंचीवर, नाकात दांडा लावलेले विमान न्यावे लागते. राष्ट्रीय हवाई संशोधन सुविधेखाली असे विमान देशाने स्वतः घ्यावे, ही योजना बरीच वर्षे चर्चेत आहे. १९७९ मध्ये सांताक्रूझला विमान आणून उभे करणे त्यामानाने सोपे असावे. आता एकमेकींना छेदणाऱ्या त्याच दोन धावपट्ट्यांवर मुंबईची विमाने एकामागोमाग एक उतरतात, आणि भर पावसात, ढग चांगला तयार झालेला असताना, एखाद्या संशोधन विमानाला रांग मोडून आधी उडू द्या, हे कंट्रोल टॉवरला कोण सांगणार?